बाभळीची खुंटी

शेवगावात माझ्याबद्दल लोक म्हणायचे, गोरख मिस्त्रीचा हात सोन्याचा, पण तोंड फाटकं. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे आधीच सांगून टाकतो. हात चांगला असला की तोंडाचं सगळं खपून जातं, अशी माझी पक्की समजूत होती. एस.टी. स्टँडच्या मागे माझं पत्र्याचं शेड, त्यात एक खड्डा, एक जॅक आणि मी. गाडीचा मालक जास्त बोलायला लागला की मी पाना खाली ठेवायचो आणि म्हणायचो, "मग तुमीच करा की." त्यावर कोणी काही बोलत नसे. धड काम करणारा दुसरा मिस्त्री गाठायचा तर नगरला जावं लागायचं.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. विहिरी कोरड्या पडल्या होत्या, माणसं खडी फोडायला आणि जनावरं छावणीत गेली होती. रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा. एखादी गाडी गेली की धूळ खाली बसायला बराच वेळ लागायचा, आणि तेवढ्यात दुसरी गाडी यायची.

गावात खाजगी मोटारी मोजक्याच. त्यातली एक डॉक्टर पुष्पावतीबाईंची अँबॅसिडर. बाळंतपणं करायला बाई कुठल्या कुठल्या वस्त्यांवर जायच्या. गाडी चालवायला छगनबापू. बापू मूळचे बैलगाडीवाले. बाई गावात नव्या होत्या तेव्हा बापूंच्याच छकड्यात बसून रोग्यांकडे जायच्या. पुढे मोटार घेतली तेव्हा त्यांनी दुसरा माणूस बघितलाच नाही. बापूंनाच शिकायला लावलं, लायसन काढून दिलं. बापू तेव्हा पन्नाशीला आलेले. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवरून एकदा हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. ब्रेक दाबताना नकळत तोंडाने 'होऽ होऽ' करायचे. मी त्यावरून त्यांची टर उडवायचो. ते हसायचे, आणि पुढच्या वळणावर पुन्हा 'होऽ होऽ' करायचे.

शिमग्याच्या आधी एका सकाळी ते गाडी घेऊन आले.

"मिस्त्री, मागनं वरडती ओ ही. थांबताना लई वरडती. बाळंतिणीच्या दारात हुबी केली की आतल्या बाया दचकत्यात."

"मागनं का फुडनं?"

"मागनं. उजव्या अंगानं."

"तुमाला काय कळतंय उजवं-डावं? थांबा, बगतो."

आवाज पुढचा की मागचा हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. पायातला ब्रेक चारी चाकांना लागतो, हातातला फक्त मागच्या दोन. मी बापूंना गाडी माणसाच्या चालीने चालवायला लावली आणि नुसता हातातला ब्रेक ओढायला सांगितला. स्वतः शेजारून वाकून चालत राहिलो. उजव्या मागच्या चाकातून पाटीवर खडू करकरावा तसा आवाज आला. बापूंनी सांगितलं होतं तेच. मी तसं कबूल मात्र केलं नाही.

चाक उतरवलं, ड्रम ठोकून सैल केला, बाहेर ओढला. आत धुळीचं पीठ बसलं होतं. ब्रेकच्या अर्धगोल पट्ट्यांवर जो खरखरीत थर असतो त्याला आम्ही लायनर म्हणतो. तो खरखरीत आहे तोवर ड्रमला धरतो. गुळगुळीत झाला की घसरतो आणि ओरडतो. बापूंच्या गाडीचे लायनर काचेसारखे चकचकीत झाले होते. मी ओल्या फडक्याने धूळ पुसून घेतली, लायनर काचकागदाने घासले, त्यांच्या कडा कानशीने जरा मारल्या. डाव्या चाकाचंही तसंच केलं. काम चोख झालं. त्यात आजही मला खोट काढता येणार नाही.

खोट यापुढे आहे. गाडी वर उचललेलीच होती म्हणून मी खाली शिरलो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफ्रन्सचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा, लोखंडी गोळा असतो. त्यात जाड तेल असतं. तिथून दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या नळीवर, वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं आणि भोकावर छोटी टोपी असते. ती टोपी कुठेतरी उडून गेली होती आणि भोकाभोवती तेल-धुळीचा गारा झाला होता. मी बाहेर आलो, कोपऱ्यातलं बाभळीचं लाकूड घेतलं, वाकसाने करंगळीएवढी खुंटी तासली आणि दोन ठोके देऊन भोकात घट्ट बसवली.

बापू उकिडवे बसून बघत होते.

"मिस्त्री, कंपनीनं त्ये भोक कशापायी ठिवलं आसंल?"

"कंपनीला आपली धूळ ठावं असती तर ठिवलंच नसतं."

"न्हाई, पर ठिवलंय म्हंजी कायतरी कारन आसंलच की."

"बापू, तुमी छकडा हाका. मोटारीचं मला बगू द्या."

बापू हसले. मला त्या खुंटीचा भारी अभिमान वाटत होता. दोन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली. तासलेली तरी किती सुबक होती! आमच्या घराण्यात औतं-गाड्यांची कामं घरच्या घरी करायची पद्धत, त्यामुळे लाकडावर हात बसलेला. आपण छकड्याची विद्या मोटारीला लावली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. आणि त्याच गोष्टीसाठी मी बापूंना हसायचो.

पाडवा झाल्यावर बापू पुन्हा आले. मी एका ट्रॅक्टरचं इंजिन उघडून बसलो होतो, कोपरापर्यंत काळा.

"मिस्त्री, पुन्यांदा आवाज यायला लागलाय. पर ह्यो निराळा हाय. आदी करकर हुती, आता दाबून रडल्यावानी वाटतंय."

"आवाज करनारच की. मोटार हाय ती, तुळशीवृंदावन न्हाई."

"एकदा चाक काडून बगितलं असतं तर..."

"मी केल्यालं काम मी दुसऱ्यांदा बगत नसतो," मी म्हणालो. मान वर करूनही बघितलं नाही.

बापू थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांच्या पायांचा आवाज दूर गेला. हे वाक्य मला पुढे किती वेळा आठवलं त्याला गणती नाही. 'मी केल्यालं काम मी दुसऱ्यांदा बगत नसतो.' काय तो तोरा!

वैशाखात ते घडलं. पाथर्डीच्या रस्त्याला, एका नाल्याच्या उताराशी जनावरांची छावणी होती. सकाळची वेळ. बाई एका अडलेल्या बाईला सोडवून परत येत होत्या. त्याच वेळी छावणीतली जनावरं पाण्याच्या हौदाकडे रस्ता ओलांडून चालली होती. बापूंनी लांबूनच ब्रेक दाबला. डावं चाक धरलं, उजवं घसरलं, गाडी तिरपी झाली आणि फुफाट्यात फरफटत एका बैलावर जाऊन आदळली. खिलारी बैल, लंकाबाई नावाच्या म्हातारीच्या जोडीतला. पोरं खडीवर गेलेली म्हणून छावणीत जोडी तीच सांभाळायची. बैलाचा पुढचा पाय मोडला, आत छातीलाही मार बसला.

ढोरांचे डॉक्टर येऊन गेले आणि मान हलवून गेले. बैल तीन दिवस जगला. ते तिन्ही दिवस बापू त्याच्याजवळ बसून होते. उपरण्याने माश्या वारायचे, ओंजळीने पाणी पाजायचे. चौथ्या दिवशी पहाटे बैल गेला. पुष्पावतीबाईंनी भरपाई दिली. लंकाबाईने ती घेतली आणि एवढंच म्हणाली, "जोडी मोडली माजी." शिव्या दिल्या नाहीत. बापूंना शिव्या हव्या होत्या, असं बाई मला पुढे सांगत होत्या.

त्याच दुपारी गाडी माझ्या शेडात आली. बाई मागे बसलेल्या, बापू पुढे, चेहरा सुकून गेलेला. बैलाची बातमी गावात पसरलेली होती, म्हणून वीस-पंचवीस माणसं जमली. मी सगळ्यांच्या समोर उजवं मागचं चाक उतरवलं आणि ड्रम ओढला.

आत तेल होतं. लायनर भिजून काळे झालेले, ड्रमच्या तळाशी थेंब लोंबत होते. ब्रेकला तेल लागलं की संपलंच.

हे चाक मी उघडलं होतं, मी बंद केलं होतं, आणि दुसऱ्यांदा बघायला मी नकार दिला होता. वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडे बघत होती. मी बापूंकडे वळलो.

"बापू, त्याल घातलं हुतं का?"

बापूंनी मान खाली घातली. "व्हय. एरंडेल लावलं हुतं. आवाज येत हुता म्हनून वाईच पाट्यास्नी..."

पाटे म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगा. त्यांना तेल लावल्याने ब्रेकचं काहीही बिघडत नाही. पाटे वेगळे, ड्रम वेगळा. 'पाट्यास्नी' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता. ऐकू आला आणि मी त्याच्यावरून नांगर फिरवला.

"आरं, चाक वरडलं की वंगन घालायला ही काय बैलगाडी हाय? बिरेकला त्याल? बिरेकला? काय अक्कल हाय का न्हाई तुला? बैल तू मारलास छगन, तू!"

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी सगळ्यांदेखत अरे-तुरे केलं. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ते चटकन पटलं. गाडीवाला माणूस करकरणाऱ्या चाकाला वंगण घालणारच, त्यात न पटण्यासारखं काय होतं? बापूंनाही पटलं. तेच मला आजही सर्वांत जास्त लागतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग त्या तेलाकडे बघितलं, आणि पाट्यांचं तेल ड्रममध्ये कसं जाईल हे विचारलंच नाही. मिस्त्री म्हणतोय म्हणजे गेलं असेल. त्यांनी किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"बाई, माज्याच्यानं आता न्हाई व्हायचं," ते म्हणाले आणि पायी आपल्या वाडीच्या वाटेला लागले.

आता जे सांगतो ते मी कित्येक महिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या तेलाचा वास एरंडेलाचा नव्हता. डिफ्रन्समधल्या जाड तेलाला एक कुबट, गंधकासारखा वास असतो. आमच्या धंद्यातला माणूस तो झोपेतही ओळखेल. माझ्या बोटांना तो वास येत होता. बापूंना 'बैल तू मारलास' म्हणतानाही येत होता. मी फडक्याला बोटं पुसली.

लोक गेल्यावर नगरहून ऑइल सील मागवली. चाकाकडचं तेल अडवून धरणारी ती रबराची कडी. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता जुनी काढून नवी बसवली. लायनरही नवे बसवले. जुनी सील म्हातारी झाली असेल, माझा काय दोष, असं मनाशी म्हटलं. मग एरंडेलाचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. जुनी सील शेडामागच्या भंगारात फेकली आणि वरून दोन पत्रे टाकले.

त्यानंतर बाई स्वतःच गाडी चालवू लागल्या. बापू कुठे आहेत, काय करतात, मी चौकशी केली नाही. माझ्या शेडात कोणी बापूंचा विषय काढला की मी हातोडी मोठ्याने आपटायचो. माझा राग वाढला होता. लोक म्हणायचे, उन्हाळा बाधलाय मिस्त्रीला.

पुढे पाऊस आला आणि चांगला आला. श्रावणातल्या एका दुपारी पुष्पावतीबाई गाडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. थांबताना मागून आवाज आला, दाबून रडल्यासारखा. मी तो आधी कधी ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. बापूंनी मला त्याचं वर्णन करून सांगितलं होतं.

मी उजवं चाक उतरवलं. ड्रम ओढला. आत तेल.

सील नवी होती, तीन महिन्यांची. एरंडेल लावणारा माणूस गाडीजवळ फिरकला नव्हता. या खेपेला ओरडायला समोर कोणीच नव्हतं. बाई बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. मी सील काढून उजेडात धरली. तिला काहीही झालं नव्हतं. मग तेल आलं कसं? काहीतरी आतून ढकलत होतं.

मी गाडीखाली शिरलो आणि उताणा पडून राहिलो. गाडी लांबून आली होती, लोखंड तापलेलं होतं. माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर माझी खुंटी. सुबक तासलेली, तेलाने काळी पडलेली. मी पक्कड घेतली, खुंटी चिमटीत धरली, पिळली आणि ओढली.

फुस्स आवाज झाला. गरम, कुबट वाफ माझ्या तोंडावर आली.

मी तसाच पडून राहिलो. सगळं समजलं होतं. गाडी चालली की आतलं तेल तापतं, तेलाबरोबर हवा तापते, फुगते. तिला बाहेर जायला ते भोक असतं. मी ते बुजवलं होतं. झाकण दाबून धरलं तर उकळी कडेने उतू जाते, तसं तेल सीलच्या कडेने चाकात उतरत होतं. लांबच्या फेरीला जास्त, जवळच्या फेरीला कमी. कंपनीने ते भोक कशापायी ठेवलं असेल, असं एका बैलगाडीवाल्याने मला विचारलं होतं, आणि मी त्याला छकडा हाकायला सांगितलं होतं.

बाहेर येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. खुंटीचं, सीलचं. वासाचं नाही. वासाचं माझ्या तोंडातून बाहेर येईना.

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मला कशाला सांगताय, मिस्त्री?" त्या म्हणाल्या. "मी चार शब्द रागावले की तुम्हाला बरं वाटेल, म्हणून? तेवढं मी करणार नाही. सगळ्यांसमोर ज्यांना बोललात त्यांच्याकडे जा. आणि किल्ली त्यांचीच आहे म्हणावं. मी फक्त सांभाळतेय."

त्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी नवी टोपी बसवून गाडी देऊन टाकली, तरी गेलो नाही. आणखी चार दिवस असेच काढले. रोज काहीतरी काम निघायचं, किंवा मी काढायचो. पाचव्या दिवशी सकाळी खुंटी खिशात टाकली आणि सायकल काढली. तरी शेडापासून गावाबाहेर पडायला मला दुपार झाली.

बापूंची वाडी बोधेगावच्या वाटेला. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दुसऱ्या दिवशी पोळा, त्यामुळे सगळ्या दारांत खांदेमळणीची गडबड. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकतात, तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याचा तो मान. घरातल्या कर्त्या पुरुषाने तो करायचा. बापूंच्या दारात मात्र त्यांच्या घरच्या, बायडाबाई, तूप-हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि बापू गोठ्याकडे पाठ करून लांब एका दगडावर बसले होते.

"येवडं तरी करा वो," बायडाबाई म्हणत होत्या. "वरसाचा सण हाय."

"यंदा नगं," बापू म्हणाले.

मला बघून ते उठले. "या मिस्त्री," म्हणाले. पूर्वीसारखंच म्हणाले. बायडाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि न विचारता बोलायला लागल्या.

"तुमी तरी सांगा ह्यास्नी. त्यो बैल गेल्यापासनं आमच्या बैलाला हात लावला न्हाई. पेरनी दिरानं केली. गाडी जुपीनात, दावं सोडीनात. म्हनत्यात, माज्या हातावर बैल मेलाय, मी कोन्त्या त्वांडानं हात लावू?"

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मी वाटभर जे जुळवून आणलं होतं त्यातलं काही आठवेना. खिशातून खुंटी काढली आणि बापूंच्या पुढे धरली.

"ह्ये काय?" ते म्हणाले.

"मी ठोकली हुती ती. त्या भोकात."

बापूंनी खुंटी घेतली, बोटांत फिरवली. "बाभळीची. तासलीया झ्याक."

"बापू, बैल हिनं मारला. भोक बुजल्यानं आतलं त्याल चाकात उतरलं. तुमच्या एरंडेलाचा काय संबंद न्हाई. पाट्यास्नी त्याल लावल्यानं काय व्हत न्हाई."

"म्हंजी माज्या त्येलानं न्हाई?"

"न्हाई."

"एक थेंबबी न्हाई?"

"एक थेंबबी न्हाई, बापू."

ते खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे वर बघून विचारलं, "तुमाला आत्ता समाजलं व्हय ह्ये?"

हो म्हणायला किती सोपं होतं! खुंटीचं तर खरंच आत्ता समजलं होतं. बापूंनी विश्वासही ठेवला असता. त्यांनी माझ्या प्रत्येक शब्दावर ठेवला होता.

"खुंटीचं आता समाजलं," मी म्हणालो. "पर त्याल तुमचं न्हवं, ह्ये मला तवाच कळलं हुतं. वास आला हुता. मान्सं बगत हुती, म्हनून मी तुमच्यावर ढकललं."

बायडाबाई वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी ओरडण्याची वाट बघत होतो. माझ्यासारख्याला शिव्या खायची तरी सवय असते. बापू उठले, रांजणाजवळ गेले, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. बायडाबाईंच्या हातातून वाटी घेतली आणि गोठ्यात गेले.

बैलाने हुंगून त्यांना ओळखलं. बापूंनी त्याच्या मानेवर कपाळ टेकलं आणि त्यांची पाठ हलायला लागली. तीन महिने आवरून धरलेलं रडणं होतं ते. मी बाजूला बघितलं. जरा वेळाने ते सावरले आणि खांद्यावर तूप-हळद चोळू लागले, हळूहळू, जुवाच्या घट्ट्यांवर बोटं दाबत.

मला वाटलं, झालं. सांगितलं, माणूस मोकळा झाला, मीही मोकळा. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं आणि त्या भरात मी पुढे झालो. दुसऱ्या बैलाच्या खांद्याला लावावं म्हणून वाटीत बोटं बुडवली.

बापूंनी माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"यंदा नगं, मिस्त्री."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. स्वतःला लावलेला नेम ते मला लावत होते, एवढंच.

"लंकाबाईला सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आदी तिच्याकडं जावा. ती माज्या नावानं रोज तळतळत आसंल. मी गेल्तो चारदा, तिनं मला च्या पाजला, पर डोळ्याला डोळा दिला न्हाई." "तिला सांगा, मग फुडच्या साली या. मी सोता बोलावतो."

"आन् किल्ली? बाई म्हनत हुत्या..."

"पोळा झाला की येतो म्हनावं."

त्यांनी दुसऱ्या बैलाचा खांदाही चोळला. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतान घ्या, उंद्या जेवाया या." खुंटी त्यांनी मला परत दिली. मी सायकलला टांग मारली तेव्हा बोटांना हळद तशीच होती.

लंकाबाईचं गाव पाथर्डीच्या अलीकडे होतं. छावणी मोडल्यावर ती घरी गेली होती, उरलेला एक बैल घेऊन. परवा गेलं तरी चाललं असतं, चार दिवसांनीही चाललं असतं. पण अशी टाळाटाळ मी महिनोन्‌महिने केली होती आणि ती कुठे जाते ते मला माहीत झालं होतं. उद्या पोळा. उद्या गावातल्या जोड्या वाजतगाजत वेशीतून निघणार, लंकाबाईच्या दारात एकच बैल उभा असणार, आणि मला उद्याच तिथे जायचं होतं.